सिकलसेलची नवी औषधे : व्हिडिओतली गोळी आणि दवाखान्यातली गोळी

पावसाळा सुरू होताना वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत सिकलसेलवर नवी गोळी निघाली आहे, तिने आजार मुळापासून जातो, असे त्यात सांगितले होते. ताईंचा बारा वर्षांचा मुलगा एसएस आहे. त्याला सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मिळतात. ही "जुनी कॅन्सरची गोळी" बंद करावी आणि नव्या गोळीसाठी बचत गटातून कर्ज काढावे, असे ताईंच्या मनात होते. गोळीचे नाव त्यांनी कागदावर लिहून आणले होते : वोक्सेलोटर.

ही गोळी बनवणाऱ्या कंपनीने ती सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून परत घेतली आहे. व्हिडिओ त्याच्या आधीचा होता. गोळी बाजारातून गेली, व्हिडिओ मात्र फिरत राहिला.

ताईंनी कर्ज काढले नाही. पण असे व्हिडिओ बऱ्याच घरांत पोहोचतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर सिकलसेलसाठी शोधल्या जात असलेल्या औषधांची माहिती देत आहोत. कोणते औषध कशासाठी काढले होते, त्याचे पुढे काय झाले आणि आपल्या घरातल्या रुग्णाला आज त्याचा काय उपयोग, एवढेच पाहायचे आहे.

आधी आजार थोडक्यात. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू घेते आणि अंगभर पोचवते. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या साखळीतला फक्त एक दुवा बदललेला असतो. सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एवढ्या बदलाने असे होते की प्राणवायू सोडून दिला की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या बनतात आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, छाती, पोट, पाठ असह्य दुखते. पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, हा आजार जुना आहे. मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तात सिकलसेल असल्याचे नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. बौद्ध आणि आदिवासी घरांत रुग्ण जास्त आढळतात, त्यामुळे "हा तुमच्या लोकांचा आजार" असे टोमणे आजही ऐकू येतात. त्याला उत्तर शास्त्रातच आहे. ज्या भागात शेकडो वर्षे मलेरिया होता तिथे एएस असणारी लेकरे मलेरियातून जास्त वाचली आणि ते जनुक पुढच्या पिढ्यांत टिकले. म्हणूनच हा आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. जनुकाला जात कळत नाही.

आता औषधांकडे येऊ. प्रयोगशाळेत एखादे रसायन उपयोगी वाटले की त्याला आधी नाव मिळत नाही, नंबर मिळतो. कंपनीची अक्षरे आणि पुढे आकडा. व्हिडिओतल्या वोक्सेलोटरचे पहिले नाव जीबीटी-४४० होते. असे रसायन आधी प्राण्यांवर तपासतात, मग थोड्या माणसांवर, तेही फक्त ते झेपते का हे पाहण्यासाठी. पुढच्या टप्प्यात काही रुग्णांवर मात्रा आणि परिणाम पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्ण असतात. अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नसते, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. नाहीतर आपल्या आशेमुळेच बरे वाटल्यासारखे होते आणि औषधाची खरी परीक्षा होत नाही. बहुतेक नंबर या वाटेवरच गळून जातात. फार थोडी औषधे दुकानापर्यंत येतात, आणि आलेल्यांपैकीही काही परत जातात.

ताईंच्या मुलाची "जुनी कॅन्सरची गोळी" या सगळ्या वाटेवरून पार होऊन आली आहे. तिची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली एक साधी गोष्ट टिपली. सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही. कारण आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते, त्याला फीटल हिमोग्लोबिन म्हणतात. ते चिकटत नाही आणि वाकड्या हिमोग्लोबिनच्या काड्याही बनू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरते आणि दुखणे सुरू होते. मग हे बाळपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणी पुन्हा वाढवता आले तर? पुढची कित्येक वर्षे संशोधक याच प्रश्नामागे होते.

हायड्रॉक्सियुरिया हे रसायन जर्मनीत १८६९ सालीच तयार झाले होते. नंतर ते रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरले जाऊ लागले, म्हणून त्या डब्यावर आजही कॅन्सरचा उल्लेख दिसतो. १९८४ साली असे दिसले की या औषधाने सिकलसेलच्या रुग्णांत फीटल हिमोग्लोबिन वाढते. त्यानंतर अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. प्लासिबो घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार वेळा तीव्र दुखण्याचा झटका येत होता, औषध घेणाऱ्यांना अडीच वेळा. फरक इतका स्पष्ट होता की १९९५ मध्ये चाचणी वेळेआधीच थांबवली, कारण बाकीच्यांना औषधाशिवाय ठेवणे योग्य नव्हते. १९९८ मध्ये तिथे सिकलसेलसाठी मान्यता मिळाली.

आपल्या भागातल्या रुग्णांचा सिकलसेल आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा थोडा वेगळा असतो. आपल्याकडच्या रुग्णांत फीटल हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते. त्यामुळे अमेरिकेतली मात्रा इथे जशीच्या तशी लागेल का, हा प्रश्न होता. नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त त्रास असलेल्या ६० मुलांवर कमी मात्रेची, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅमची, चाचणी केली. त्या मुलांचे दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ दोन्ही बरेच कमी झाले. हा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. ज्या लेकरांना औषध द्यायचे त्याच भागातल्या लेकरांवर ते तपासले गेले, याला आम्ही फार महत्त्व देतो. आफ्रिकेतही अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतल्या सहाशेहून अधिक मुलांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. तिथे दुखणे कमी झाले, मलेरिया कमी झाला आणि मृत्यूही कमी झाले.

या गोळीला जपून वागवावे लागते हेही खरे. तिने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावेच लागते. गरोदरपणात ती चालत नाही. मूल हवे असेल तर नवरा आणि बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे. गोळी चालू असताना ताप आला तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि परिणाम दिसायला महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारे खूप आहेत. आमच्या पाहण्यात नव्या औषधाच्या अभावापेक्षा या सोडून देण्याने जास्त लेकरे अॅडमिट होतात.

आता व्हिडिओतली गोळी. वोक्सेलोटरची कल्पना चांगली होती. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की ते चिकटते, तर त्याने प्राणवायू थोडा जास्त वेळ धरून ठेवावा अशी ही गोळी बनवली होती. २७४ रुग्णांच्या चाचणीत जास्त मात्रा घेणाऱ्या निम्म्या रुग्णांचे हिमोग्लोबिन एका ग्रॅमपेक्षा जास्त वाढले. प्लासिबोवाल्यांत असे शंभरात सातच होते. त्या आधारावर नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने तिला लवकरची मान्यता दिली. याचा अर्थ असा की रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणून विकायला परवानगी, आणि रुग्णाला खरोखर काय फायदा होतो ते पुढच्या चाचण्यांत दाखवायचे. दुखण्याचे झटके ठळकपणे कमी झाल्याचे त्या पहिल्या चाचणीत दिसले नव्हते. प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन तो मेंदूला आणि अवयवांना नीट देईल का, असे काही शास्त्रज्ञ तेव्हाच विचारत होते.

पुढच्या चाचण्यांत वाईट बातमी आली. मेंदूचा झटका येण्याचा धोका असलेल्या मुलांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ८ जण दगावले, प्लासिबोवाल्यांपैकी २. त्या चाचणीत आफ्रिकेतल्या देशांमधली मुलेही होती. पायावर न भरणाऱ्या जखमा असलेल्या रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीतही अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू झाले. दुखण्याचे झटकेही औषधाच्या बाजूने जास्त दिसले. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने गोळी सगळीकडून मागे घेतली आणि चालू चाचण्याही थांबवल्या. या कंपनीने गोळी शोधणारी मूळ कंपनी २०२२ मध्ये ५४० कोटी डॉलरना विकत घेतली होती. एवढा पैसा गुंतलेला असूनही गोळी मागे घ्यावी लागली. आमच्या घरी एसएस रिपोर्ट हातात घेऊन कोणी "हिमोग्लोबिन वाढले का?" एवढेच विचारते तेव्हा ही गोष्ट आठवते. किती वेळा दुखले, किती वेळा भरती व्हावे लागले, शाळेचे किती दिवस बुडाले, हेही विचारायला हवे.

दुसरे नाव क्रिझानलिझुमॅब. हे नसेतून दर महिन्याला देण्याचे इंजेक्शन आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर पी-सिलेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, त्याला झाकून पेशी चिकटू न देणे हा त्याचा हेतू. १९८ रुग्णांच्या चाचणीत प्लासिबोवाल्यांना वर्षाला तीनाच्या आसपास झटके आले, जास्त मात्रा घेणाऱ्यांना दीडाच्या जवळ. अमेरिकेने तेही नोव्हेंबर २०१९ मध्येच मान्य केले. मोठी चाचणी झाली तेव्हा मात्र प्लासिबोपेक्षा फरक दिसला नाही, आणि युरोपने २०२३ मध्ये मान्यता काढून घेतली. त्याच जातीचे जीएमआय-१०७०, म्हणजे रिविपॅन्सेल, दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णाचे दुखणे लवकर थांबवण्यासाठी होते. ते २०१९ मध्ये शेवटच्या टप्प्यात नापास झाले. हृदयरोग्यांना रक्त गोठू नये म्हणून देतात त्या प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर या गोळ्याही सिकलसेलच्या मुलांवर तपासल्या गेल्या. झटके कमी झाले नाहीत.

ग्लुटामिन पावडरला अमेरिकेने २०१७ मध्ये मान्यता दिली आहे. जिमच्या दुकानात ग्लुटामिनचे डबे मिळतात म्हणून काही पालक ते आणतात. कृपया डॉक्टरांना न विचारता आणू नये. त्या डब्यातली मात्रा आणि शुद्धता औषधाची नसते, आणि मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल तर त्रास होऊ शकतो. हायड्रॉक्सियुरिया बंद करून तर नकोच.

आज ज्याकडे लक्ष आहे त्यात मिटापिव्हॅट आहे. त्याचा नंबर एजी-३४८. तांबड्या पेशीला ऊर्जा देणारे एक विकर ते जोमाने चालवते, त्याने पेशी चिवट राहते आणि हिमोग्लोबिन प्राणवायू सहज सोडत नाही. वेगळ्या एका दुर्मीळ रक्ताच्या आजारासाठी अमेरिकेने ते २०२२ मध्ये मान्य केले, आणि सिकलसेलसाठी त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. वोक्सेलोटरच्या अनुभवानंतर आम्ही त्याच्याकडेही तोच प्रश्न घेऊन पाहतो : आकडा वाढतो, पण दुखणे किती कमी होते?

आणि "मुळापासून बरा" हे शब्द ज्या उपचाराजवळ जातात तो गोळीचा नाहीच. तो जनुक दुरुस्तीचा आहे. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढतात. मोठेपणी फीटल हिमोग्लोबिन बंद ठेवणारा एक ब्रेक प्रत्येकाच्या शरीरात असतो, तो या पेशींत काढून टाकतात आणि पेशी परत देतात. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये बाळांत पाहिले तेच इथे कायमचे घडवून आणायचे असते. ब्रिटनने हा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केला, अमेरिकेने डिसेंबरमध्ये. पण पेशी परत घालण्याआधी कॅन्सरवाल्यांना देतात तसे जालीम औषध देऊन जुनी मज्जा रिकामी करावी लागते. काही आठवडे दवाखान्यात राहावे लागते, आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर ठेवली, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या आसपास. दिल्लीतल्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत आपल्या देशात परवडेल अशा जनुक दुरुस्तीवर काम चालू आहे. त्याकडे आमचे लक्ष आहे. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर मज्जा बदलण्याचा जुना उपचार आजही मोठ्या दवाखान्यांत होतो.

औषधे तपासायला माणसे लागतात, आणि सिकलसेलचे रुग्ण जिथे जास्त तिथे चाचण्या येणार. तेव्हा उद्या कोणी आपल्या वस्तीत येऊन "नवे औषध आहे, मुलाला घेऊन या" म्हणाले तर काय करायचे? सरसकट नाही म्हणू नये, असे आमचे मत आहे. नागपूरच्या त्या ६० मुलांचे पालक नाही म्हणाले असते तर आपली मात्रा आपल्याला कळली नसती. पण सही काय आहे हे समजून करावी. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींना एका प्रकल्पात एचपीव्ही लस दिली गेली आणि बऱ्याच ठिकाणी आईवडिलांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या लसीची भीती बाळगू नका, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी ती लस आज जगभर दिली जाते. चूक झाली ती परवानगी घेण्यात.

त्यानंतर नियम कडक झाले. २०१९ च्या नियमांप्रमाणे माहितीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत हवे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावे लागते. सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याला मिळते. ती मागून घ्या आणि सिकलसेलच्या कार्डासोबत ठेवा. लहान मुलासाठी आईवडील सही करतात, पण समजत्या वयाच्या मुलालाही विचारावे लागते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. कोणी चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले तर सही करू नका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. औषध कोणत्या टप्प्यात आहे? माझ्या मुलाला प्लासिबो मिळू शकते का, आणि तेव्हा त्याची हायड्रॉक्सियुरिया चालू राहील का? रात्री दोन वाजता दुखले तर कोणाला फोन करायचा? चाचणी संपल्यावर औषध उपयोगी ठरले तर ते आम्हाला पुढे मिळेल का? देशातली प्रत्येक औषध चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावीच लागते. जून २००९ पासून ते सक्तीचे आहे. माहितीपत्रावरचा सीटीआरआय नंबर टाकला की वस्तीतला कोणीही कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर ती नोंद काढून दाखवू शकते. नंबरच नसेल तर तिथेच थांबा.

जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल अभियान सुरू आहे. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यात ठरवली आहे. ज्या घरांत अजून तपासणी झाली नाही त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारावे. लग्न ठरण्याआधी दोघांचे रिपोर्ट पाहावेत. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तपासणीची सोय मोठ्या दवाखान्यांत आहे.

ताईंचा मुलगा हायड्रॉक्सियुरियावरच आहे. मधे तीन आठवडे गोळी चुकली होती, ती पुन्हा सुरू झाली. पुढची रक्ततपासणी सोमवारी आहे, आणि या वेळी ताईंनी वहीत गेल्या वर्षातले दुखण्याचे दिवस लिहून ठेवले आहेत. ती वही डॉक्टरांना दाखवायची आहे.